तिसऱ्या कुठे गेल्या
शिंपल्यातल्या तिसऱ्या उकडायला ठेवल्या, की झाकणाखालून खाडीचा खारट वास येतो आणि मला मुरुडची ती नारळी पौर्णिमा आठवते. नारळाची मिरवणूक दर्याकडे निघाली होती आणि वाटेत मी माझ्या संशोधनाचा नकाशा लोकांना दाखवायला टांगून उभी होते. खाडीतल्या तिसऱ्या संपत चालल्यात, असा माझा निष्कर्ष. प्रबंध जवळजवळ लिहून झालेला. अंबाड्यात अबोलीचा गजरा माळलेली एक कोळीणमावशी थांबली आणि तिनं नकाशावरच्या माझ्या मोजणीच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं. "तू हितंच मोजतेस? जेट्टीजवल?" मी म्हटलं, "हो, दर महिन्याला." ती खळखळून हसली. "अगो बाय, उतरायला सोपं म्हणून आमीबी हितलंच आधी वेचून नेतो. तुला काय मिलनार? उद्या चल माझ्यासंगती." दुसऱ्या दिवशी ओहोटीला, गुडघाभर चिखलातून हाताला धरून तिनं मला पार पलीकडच्या खडपापाशी, पाण्यातल्या खडकांजवळ नेलं. तिथं चिखलात हात घातला, की मूठ भरून तिसऱ्या येत होत्या. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. एवढी मोठी चूक माझ्या नावानं छापली जाणार होती. अजूनही दर नारळी पौर्णिमेला मी मिरवणुकीच्या वाटेवर उभी राहते. नकाशा मात्र कोरा नेते, आणि पेन मावशीच्या हातात देते.