दिगूच्या पाठीमागे

काविळीनं दिगू गेल्याचा निरोप पालमहून आला, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळे गंगाखेडच्या स्टँडवरून एकही एस.टी. हलत नव्हती. सायकल हाणत पोचलो, तर तिरडी निघाली होती आणि पुढच्या खांद्याला त्याचा मामा होता, धाय मोकलून रडत. लोक त्यालाच धीर देत होते. "पोटच्या लेकरावानी सांभाळलं होतं हो त्यांनी..." मी मागे चालत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

शाळेसाठी दिगूला लहानपणी परभणीला याच मामाकडे ठेवलं होतं. तिथे काय झालं, ते माझ्या या मित्रानं मला सांगितलं थेट स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाला डहाळे बांधता बांधता. "मामानं लय घाण केलं रे माझ्यासंगं. लहान होतो... कुणाला सांगावं, तेबी कळंना." पोरीच्या बाबतीत निदान कुजबुज तरी होते. पोराच्या बाबतीत असं होतं, हेच आमच्याकडे कुणी मानलं नसतं. मी विचारलं, "तुझ्या आईला सांगू का?"

"न्हाई. तिचा पाठचा भाऊ हाय. माझी शपथ हाय तुला." मग डहाळ्याची गाठ आवळत म्हणाला, "एकच कर. उद्या माझ्यामागं तू उभा राहा."

मंगलाष्टकांना नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो ना, म्हणून. मी आधीच ती जागा धरली. पण भटजींनी मामांना हाक मारली, बायका खिदळल्या, "नवरदेवाला नवा मामा मिळाला गं!" आणि दिगूच्या वडिलांनी दंडाला धरून मला बाजूला केलं. "अरे बाबा, मान मामाचा असतो." मग दिगूला दिसेन असा कडेला उभा राहिलो. अक्षता पडत होत्या, तो माझ्याकडेच बघत होता. मामाचा हात खांद्यावर आला, तेव्हा त्यानं डोळे मिटले.

पुढे आठवडी बाजाराला आला की तो आमच्याकडे यायचा आणि बैठकीतल्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ टेकवूनच बसायचा. कुणी पाहुणे आले तरी ती जागा सोडायचा नाही. माझी बायको चेष्टा करायची, "भावजी, भिंत पडंल म्हणून धरून बसलात का?" तो हसायचा. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही विचारलं नाही. चहा व्हायचा, कापसाच्या गप्पा व्हायच्या... याला आधार म्हणतात का, मला माहीत नाही. मला एवढंच जमत होतं.

तेरवीचं सांगायला मामा स्वतः आला. "तुमच्यावर लय जीव होता त्याचा," म्हणत सरळ त्या कोपऱ्याकडे निघाला.

"तिथं बसू नका."

"काऊन?"

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली. शपथ आठवली. मी उठलो, त्या कोपऱ्यात गेलो आणि भिंतीला पाठ लावून स्वतः बसलो. मामा उभाच होता. मी त्याला 'बसा' म्हटलं नाही.