लेकाच्या घरचं ताट

आमच्या वसाहतीत एका बाईचा विषय निघाला की आजही तोंडं वाकडी होतात. सासूचं ताट बंद करणारी, एवढीच तिची ओळख उरली आहे. ताट तिनं बंद केलं हे खरं आहे. पण ते बंद करायला लावणारा मी होतो, हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

अमरावतीत बडनेऱ्याच्या बाजूला आमच्या दोन-दोन खोल्यांच्या रांगा आहेत. कमी पगाराच्या माणसांसाठी सरकारी खात्यानं बांधलेल्या. भाडं नावापुरतं. मी पाटबंधारे खात्यात कारकून असताना मला इथं घर मिळालं. पुढे आमची मुलं शिकली, कमावती झाली, गल्लीत चारचाकी उभ्या राहू लागल्या. मग खात्यानं नवा नियम आणला. ज्या कुटुंबाची कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे असेल त्यानं बाजारभावानं भाडं भरायचं, नाहीतर घर सोडायचं. नियम मला सुरुवातीला रास्तच वाटला. दारात गाडी उभी करणाऱ्यानं हमालाच्या भाड्यात का राहावं? पण माझा मुलगा अकोल्याला जाऊन-येऊन नोकरी करायचा. त्याचा पगार आणि माझी पेन्शन एकत्र धरली, आणि तपासणीच्या पहिल्याच फेरीत बाजारभाव माझ्याच डोक्यावर बसला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचं जुनं भाडं दिसलं की माझ्या पोटात दुखायचं.

कुटुंब म्हणजे कोण, याचा खात्याचा हिशेब सोपा होता. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.

माझ्या शेजारी एक विधवा बाई राहायच्या. त्यांना मी वहिनी म्हणत असे. गांधी चौकाच्या बाजूला सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या, पालकाच्या जुड्या घेऊन बसायच्या. मुलगा लॅबमध्ये, सून खासगी दवाखान्यात नर्स. सासू-सुनेचं पटलं नाही, तेव्हा मुलानं मागच्या अंगणात टिनाची खोली काढली, दार मागच्या गल्लीत ठेवलं आणि चूल वेगळी केली. खरोखर वेगळी. फक्त वहिनींचे हात थरथरू लागल्यावर सून रोज दुपारी एक झाकलेलं ताट मधल्या दारातून आत ठेवायची. बोलायची नाही. ठेवायची आणि निघून जायची. आमच्याकडे भांडण असलं तरी म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत, तेवढंच ते ताट होतं.

दुसऱ्या फेरीला खात्याचा साहेब आला तेव्हा वसाहतीच्या कमिटीतला जुना माणूस म्हणून मला सोबत घेतलं. लोकांनी खोटं बोलू नये म्हणून. मी इस्त्रीचा सदरा घालून निघालो.

वहिनींच्या दारात साहेबानं विचारलं, "आजी, एकत्र की वेगळे?"

"वेगळे हाओ साहेब. थो मांगं रायते, मी पुढं. माहा भाजीपाला, माहं पोट."

साहेबानं पेन टेकवलं. तेवढ्यात मी हसत म्हणालो, "वेगळे कायचे! रोजचं ताट तर मांगूनच येते."

कुणी मला विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून ते गमतीत निघालं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. गंमत नव्हती. मी भरतो तर हिनं का भरू नये, एवढंच माझ्या मनात होतं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो बाप्पा, सून हाये, देते कवा कवा." साहेबानं 'एकत्र' लिहिलं.

बाजारभावाचं भाडं आलं तेव्हा ते वहिनींच्या महिन्याच्या विक्रीपेक्षा जास्त होतं. मुलगा भरू शकला असता असं लोक म्हणत. त्यानं टिनाच्या खोलीसाठी आणि बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढलेलं, ते कुणी बघत नव्हतं. तो अपिलाचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडेच आला. वसाहतीत सरकारी भाषा मलाच येत होती.

मी अर्ज लिहिला. वरून सल्लाही दिला. "हे पाय, तपासणीले केवाही येतीन. तोवरी ताट बंद ठेवा. अन् काहून बंद केलं हे कोनाले, मायलेही, सांगू नका. सांगतलं तं नाटक समजतीन."

"मायच्या पोटाचं काय, काका?"

"आमी हाओ ना."

आणि आम्ही होतोच. माझी बायको वहिनींना वाटीभर वरण, कधी अंबाडीची भाजी नेऊन द्यायची. शेजाऱ्याकडचं चालत होतं, त्यानं कुटुंब एक होत नव्हतं. लेकाकडचं चालत नव्हतं. वहिनी माझ्या दारात येऊन म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या घरचं खाते म्हनून जिती हाओ. पोटच्याले माहं काई पडलं नाई." मी म्हणायचो, "जेवा, वहिनी." एवढंच म्हणायचो.

तपासणीला लवकर कुणी आलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नळावर बाया सुनेशी बोलेनाशा झाल्या. "नर्स हाये म्हने. लोकाच्या मायले औषध पाजते अन् सासूले भाकर नाई." मी ओट्यावर बसून ऐकत असे.

शेवटी साहेब आला, बघून गेला, जुनं भाडं कायम झालं. त्याच दुपारी सून ताट घेऊन मधल्या दारात उभी राहिली. वहिनींनी बघितलं नाही. "ने वापस. मले आता लोकाइचं गोड लागते." ताट परत गेलं. मुलगा समजावायला आला, तोवर त्यांनी कानच बंद केले होते. थंडीत त्या गेल्या. तेरवीला सुनेच्या हातचं वाढलेलं बऱ्याच बायांनी पानात तसंच ठेवलं. मी पोटभर जेवलो, कारण न जेवणं मला अधिक अवघड होतं.

यंदा माझं ऑपरेशन झालं. सुई टोचायला, पट्टी बदलायला तीच घरी येत होती. एकदा मी तिला सगळं सांगून टाकलं.

तिनं पट्टीवरची नजर काढली नाही. "माइत हाये काका. साहेबापुढं बोलले तवा मी ताट घिऊन दाराआडच उभी होती."

"मंग बोलली काहून नाई?"

"काय बोलू? बुढी तुमच्या घरचं खाऊन रायली होती. ताट तुमी बंद कराले लावलं म्हनून सांगतलं असतं तं तिनं तुमच्या घरचं बी सोडलं असतं. मंग?" कात्री डब्यात ठेवली. "अन् आता मले सांगून काय होते? मी तं होतीच तेथं. ओट्यावर सांगा."

मी सांगितलं. चार माणसं बसली होती तेव्हा, संध्याकाळी, मोठ्यानं. साहेबापुढे काय बोललो ते, ताट बंद करायला कुणी लावलं ते. त्यातला एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाला, "तुमी देवमाणूस हाओ काका. लोकाचं पाप आपल्या अंगावर घिऊन रायले."

"अरे पाप माहंच होय."

"असं म्हनते कोन आजकाल?" दुसऱ्यानं माझ्यासाठी चहा सांगितला.

तेवढ्यात ती समोरून गेली, रात्रपाळीला, खांद्याला पिशवी. बोलणं थांबलं. ती वळणावरून गेल्यावर एकजण माझ्याकडे वाकून म्हणाला, "तिनंच सांगतलं ना तुमाले असं बोलाले? घरी येऊन रायते म्हने रोज."

मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. त्यानं माझ्या हातावर थोपटलं आणि समजल्यासारखी मान हलवली.