कुलदीपचं हाव

टेम्पोत वांग्याचे कॅरेट भरून आमी पिंपळगाव राजाहून खामगावले जायचो, तवा बोलाचं काम माह्यं न हाव म्हनत हुंकारा द्याचं काम कुलदीपचं. भांडन सांगो का पिक्चर, वाक्य अर्धं होत नाई त याचं "हाव". नववीत शाळा सोडली मी, तिथं माह्यं कोनी आयकेच ना. हा आयके. त्याच्या हाववर खामगाव कवा ये, समजे नाई.

मंग तो शिकून हैदराबादले कंपनीत लागला. इमान उतरलं का टॉवरवाला पायलटले रस्ता सांगते, या पट्टीनं जा, तिथं वळ, तिथं थांब. पायलटनं पुरं आयकून जसंच्या तसं परत म्हनाचं. कंपनीची मशीन पायलटचं हे बोलनं आयकून रस्ता स्क्रीनवर काढते, हातानं टाकाचं काम नाई. मशीनले आपल्याकडच्या आवाजाची सवय व्हावी म्हनून कुलदीप खोटा पायलट बनून बोले.

पन टॉवरवाल्यानं जरा दम घेतला का याचं "हाव". मशीनले वाटे, झालं पायलटचं बोलून. रस्ता तुटे, स्क्रीनवरचं इमान मधातच उभं. सारे हासत. त्याच्या वरच्या प्रतीक्षा मॅडमनं सांगतलं, हे बंद नाई झालं त दुसरा मानूस पाहू.

त्याचा फोन आला. "तोंडातून आपोआप निंगते बे. काय करू?"

"त्याईले म्हन, मशीन सुधरवा."

"खऱ्या इमानातबी मधात बोलून चालत नाई. पुरं आयकाच लागते."

मंग टेम्पो बाजूले लावून फोनवर मीच टॉवर झालो. "मारुतीच्या देवळापासून सीधा, टाकीपाशी डावीकडे..."

"हाव."

"हाव नोको म्हनू ना बे गधड्या! पुन्हा!"

रोज हेच. गावातली एक गल्ली सोडली नाई. शेवटी तो गप राहून बिनचूक परत सांगाले लागला. नौकरी राह्यली. पेढे मी वाटले, मलेच लागल्यासारखे.

दिवाळीत घरी आला, त मीबी भेटाले गेलो. त्याची माय, सिंधूताई, करंज्या तळता तळता सांगून राह्यली होती. मळ्यातली मोटर जळाली, पुंजाजीनं पाइप नेला, करिष्माले पोरगी झाली. कुलदीप गप. ती थांबली.

"झोपला का रे?"

"नाई माय. मोटर जळाली, पुंजाजीनं पाइप नेला, करिष्माले पोरगी झाली."

"बरोबर हाय," ती म्हने. "पन तू असा नव्हता रे."

न् तिनं सांगनंच सोडलं. करंज्याच पलटवत राह्यली. कुलदीपनं माह्याकडे पाह्यलं. त्याले गप राहाले मीच त शिकवलं होतं.

"मंग काकू, पाइप परत आनला का पुंजाजीनं?"

"कायचा आनते! उलट मलेच म्हने..."

"हाव," मी म्हटलं.

ती सुरू झाली. मी हाव म्हनत राह्यलो. थोड्या वेळानं बाजूनं बारीक आवाज आला, "हाव."

"जोरात म्हन बे," मी म्हटलं. "इथं कोनतं इमान मधात उभं राह्यते!"