शेवटच्या गाडीआधीचा अंक

उत्तमकाकांना एकट्यानं गाणं ऐकता येत नसे. मोबाइलवर एखादं नाट्यपद सापडलं की ते तिथंच थांबवून आधी आमच्या दाराशी येत, मला हाताला धरून आपल्या ओट्यावर नेऊन बसवत आणि मग पद पहिल्यापासून लावत. इकडे माझा चहा निवे, बायको डोळे वटारी, पण सुटका नसे. “एकट्यानं आयकलं तं ते औषध हाय बे,” ते म्हणत. “धा जणांत बसून आयकलं तं जेवण.”

चिखलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका एसटीत कंडक्टर होते. जिथं संगीत नाटक लागलं असेल त्या गावची ड्यूटी ते मागून घेत, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. गळा फाटका होता, पण त्याचं दुःख त्यांना मुळीच नव्हतं. सगळेच गायला लागले तर ऐकायचं कुणी, असा त्यांचा सवाल असे. नाटकात पद रंगलं की पहिला ‘वन्स मोअर’ काकांचा. तो मिळाला की नटानं पद पुन्हा म्हणायचं ही जुनी रीत, आणि ती आपल्यासाठीच घातली आहे असं काकांना वाटे.

पुढं ही नाटकं आमच्याकडे येईनाशी झाली. सत्तरी ओलांडल्यावर काकांनी एकच गोष्ट मनात घेतली: मरायच्या आधी चिखलीत एक संगीत नाटक भरल्या सभागृहात बघायचं. दोन वर्षांच्या खटपटीनंतर बाहेरगावची एक हौशी मंडळी तयार झाली. प्रवेश फुकट ठेवला. काका कॉलेजात सांगायला गेले. पोरं अदबीनं वागली, पण नाटक चार तासांचं आहे म्हटल्यावर एकमेकांकडे बघत राहिली. मग काका डोणगाव, सुलतानपूर असे गावोगाव हिंडले, भजनी मंडळांत जाऊन बसले. तिथली म्हातारी माणसं मात्र हरखली. त्यांच्यासाठीच नाटक दुपारी दोनला ठेवलं. सहाला संपेल, साडेसहाची शेवटची गाडी त्यांना मिळेल, असा काकांचा हिशेब.

दीडशे माणसं आली. त्यांत सगळ्यात तरुण मी, आणि मला सत्तेचाळीस संपलेलं. पेटीचा सूर लागला, नांदी सुरू झाली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या डोणगावच्या सरूआजींनी पदर सावरून हात जोडले. काका उघड उघड रडत होते. नायिका झालेल्या बाई नोकरीतून रजा काढून आल्या होत्या, पण त्यांनी पहिलंच पद असं म्हटलं की अंगावर काटा आला. काकांनी वन्स मोअर दिला आणि अख्ख्या सभागृहानं तो उचलून धरला. दुसऱ्या पदाला तेच. तिसऱ्याला, पाचव्याला तेच. मी घड्याळ दाखवलं, तर त्यांनी माझा हात झटकला.

सहा वाजले तेव्हा तिसराच अंक चालला होता. शेवटचा अख्खा अंक बाकी होता. सव्वासहाला एक म्हातारबा उठले, रंगमंचाकडे बघून नमस्कार केला आणि वाकून बाहेर पडले. मग रांगच्या रांग उठली. काका दाराशी धावले, थोडं थांबा म्हणून विनवू लागले. पण गाडी चुकल्यावर त्या माणसांनी परगावात राहायचं कुठं? शेवटचा अंक आम्ही नऊ जणांनी पाहिला. बाई तेवढ्याच मन लावून गायल्या. काकांनी एकदाही वन्स मोअर दिला नाही.

घरी येताना ते म्हणाले, “लोकं आलते बे. मीच उठवलं त्यायले.”

ती मंडळी पुन्हा काही उभी राहिली नाही. पेटीवाले थकले, बाईंची बदली झाली, आणि नवं कुणी शिकायला येत नव्हतं. काकांनी माझ्या दाराशी येणं सोडलं, याचं मला फार वाईट वाटलं. एके दिवशी मात्र ते म्हणाले की त्या माणसांना निदान शेवट तरी कळायला पाहिजे. आम्ही डोणगावला गेलो. सरूआजी अंगणात तूर पाखडत होत्या. आणखी चार-पाच जण जमले. काकांनी सांगितलं की नायिकेचा नवरा बारा वर्षांनी परत येतो, ती त्याला ओळखते आणि माफ करते. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

सगळे अजून काकांच्या तोंडाकडे बघत होते. सरूआजींनी सूप खाली ठेवलं. “एवढंच व्हय?”

बाई तो शेवट ज्या पदात गायल्या, ते पद कुणी मोबाइलवर घेतलं नव्हतं. घ्यायचं नाही, अशी ताकीद काकांनीच दिली होती.

“हाव,” काका म्हणाले. “सांगतलं तं एवढंच हाय.”