पाखल्यांचा कागद

बाबा व्हिजिट व्हिसावर आले तेव्हा, त्यांना बहरीन दाखवायला आणलंय असं मी आमच्या हूरा वस्तीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगत होतो. थापा नुसत्या! मला त्यांची सही हवी होती.

आम्ही मूळचे गोव्यातले, डिचोलीकडचे. पोर्तुगीज राज्यात जन्मलेल्या माणसानं आपला जन्म लिस्बनला नोंदवला की तो त्यांचा नागरिक ठरतो. मग मुलगा, मग नात. ही कामं करणाऱ्या एका एजंटनं बाबांच्या नावचं अधिकारपत्र पाठवलं होतं. त्यावर सही झाली की लेकीला युरोपात शिकायचा रस्ता मोकळा. मी सित्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर. नोकरी गेली की व्हिसा खलास. पन्नाशीचा बाप्या, आणि पोरीला देण्यासारखा धड एक देश नाही, हे मला फार लागे. "भारत आहे की," बायको म्हणायची. मी तिच्यावर खेकसायचो.

अडचण एकच होती. पंधराव्या वर्षी बाबांना पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीज शिपायांनी, पत्रकं चिकटवताना पकडून बडवलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी. आमच्या घराण्याचा दागिनाच तो! इथल्या मराठी मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात मी ती गोष्ट दरवर्षी छाती फुगवून सांगायचो. "त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही," असं शेवटी म्हटलं की टाळ्या. ती मला काकांनी सांगितलेली. बाबांनी कधीच नाही.

त्या सुमारास मी जुन्या पोर्तुगीज कादंबऱ्या इंग्रजीतून वाचत होतो. ज्यांचा पासपोर्ट घ्यायचा, त्यांची ओळख तरी असावी. बहुतेकींत तेच: मोठं घर, भिंतीवर तलवारी, पूर्वजांनी समुद्र जिंकलेले, आणि वंशज दिवाणखान्यात बसून त्यांच्या मर्दुमकीच्या गोष्टी सांगतोय. स्वतःला मात्र कुणी दारात येऊन दरडावलं की पाय लटपटतात. देश थकलाय ही लाज ती माणसं मिशांना पीळ देऊन झाकत. मी खो खो हसायचो. गोवा त्यांत जवळजवळ नाहीच. कुणाचा तरी काका 'इंडियात' गेलेला, एवढंच. "बाबा, हे बघा तुमचे मर्द पाखले!" मी म्हटलं. ते हसले नाहीत. "पुस्तकात असतील तसे," म्हणाले.

एका शुक्रवारी सकाळी त्यांना इथला पोर्तुगीजांचा किल्ला दाखवायला नेलं. हवेत इतकी धूळ होती की समुद्र दिसत नव्हता, नुसती मातकट भिंत तेवढी वर आलेली. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. "इथंही पोचले होते?" एवढंच विचारलं आणि काच वर केली.

दुपारी त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं म्हणून मी दारात गेलो. बाबा झोपेत बोलत होते. पोर्तुगीज! साठ वर्षांत ज्या भाषेतला एक शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, ती घडाघडा. आवाज त्यांचा नव्हताच. पातळ, न फुटलेला, पोरसवदा. डोळे अर्धवट उघडे. मधेच थांबत, समोरचा काही विचारतोय तेवढा वेळ, आणि मग उत्तर देत. त्या थांबण्यात खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटून मी खरोखर दारामागे बघितलं. एसी चालू असून पाठ घामानं भिजली. तरी मी फोनवर रेकॉर्ड केलं, लेकीला गंमत ऐकवायला. धन्य माझी!

चहाच्या वेळी मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, झोपेत काय फाडफाड बोलत होता, ऐका." फोन सुरू केला. त्यांनी कप खाली ठेवला. तो पोराचा आवाज येऊ लागला, आणि कुणी न सांगता बाबा एकेका वाक्याचा अर्थ सांगू लागले, सपाट आवाजात.

"मला ठाऊक नाही. मारू नका. हो, पत्रकं मास्तरांनी दिली. मराठी शाळेच्या मास्तरांनी. त्यांच्या माळ्यावर आहेत, अजून दोन गठ्ठे. हो. करतो सही."

आवाज संपला. मी विचारलं, "मग मास्तर?"

"त्याच दिवशी नेले. परत आले नाहीत."

खोटं कशाला बोलू, मला बाबांची कीव आली नाही. रागच आला. माझी गोष्ट मोडली म्हणून. एका पोराला हाडं मोडेस्तोवर मारलं होतं, आणि मला माझ्या टाळ्यांचं पडलं होतं. शरम वाटली, पण ती फार नंतर.

बाबांनी कागद जवळ ओढला. छापील पोर्तुगीज मजकुरावरून त्यांची नजर सावकाश फिरली. मी खुर्चीतून उठून त्यांच्या डोक्याशी कधी उभा राहिलो, मला कळलंही नाही. मला जन्मभर 'पुता' म्हणणाऱ्या माझ्या बापानं मान वर केली नाही. पेन उचललं आणि अदबीनं विचारलं, "कुठं करू, साहेब?"

आतल्या खोलीत लेक कॉलेजांचे फॉर्म भरत होती. मी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली.