आत्याच्या स्वयंपाकघराचा हिरवा

आमच्या आत्याने आयुष्यात ‘कोणताही चालेल’ हे दोन शब्द एकदाही उच्चारले नसतील. भोरच्या बाजारात ती वांगी घ्यायला बसली की वांगेवाली पाटी पुढे सरकवून खुशाल भाकरी सोडायची. रिकाम्या एस.टी.त कुठे बसावं याचा आत्या उभ्याने विचार करी, आणि तो पक्का होईपर्यंत उत्रोली आलेली असे. मी नेमकी उलटी. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले खरी, पण काय हवं असं कुणी विचारलं की माझ्याकडे तेच दोन शब्द तयार असत. टायफॉइडने माझं कॉलेजचं वर्ष बुडालं, तेव्हा वडिलांनी मला हवापालटासाठी उत्रोलीला तिच्याकडे ठेवलं आणि मी तिच्या रंगकामात सापडले.

आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या साली घराची वाटणी होऊन चार खोल्या तिच्या वाट्याला आल्या. तोवर सगळ्या घराला दिवाळीआधी पांढरा चुना लागे, कारण तिच्या धाकट्या दिरांना पांढरा पसंत होता. दीर आता भिंतीपलीकडे राहत, पण त्यांची मतं अलीकडे येत. एकट्या बाईमाणसाच्या घराला रंग कशाला, चुना मारून मोकळं व्हा, असा निरोप आला. आत्या म्हणाली, “चुनाच मारणार हाय. त्यात काय मिसळायचं ते माझं मी बघंन.”

भोरच्या दुकानातून मी रंगांच्या नमुन्यांचं पत्रक आणलं आणि त्यावरची इंग्रजी नावं वाचून दाखवू लागले. पिस्त्याच्या रंगापाशी तिने मला थांबवलं. “पिस्ता म्या बघितलेला न्हाई. जे बघितलं न्हाई त्याचा रंग घरात कशाला?” पत्रक चुलीत गेलं. त्यानंतर ती बघितलेल्या वस्तूच बघत हिंडू लागली. पडवीला भिजलेल्या विटेचा रंग ठरला, माजघराला कढीचा. देवघर पांढरंच राहणार होतं. देवाची तक्रार नाही, असं तिचं म्हणणं. अडलं ते स्वयंपाकघर.

आषाढात एका सकाळी ती शेताच्या बांधावर थबकली. खाली भाताचा तरवा, म्हणजे लावणीआधीची कोवळी रोपं, दाट उभा होता. “ह्यो,” आत्या म्हणाली. पण हा हिरवा असतो मोजके दिवस, तेही भर पावसात, आणि पावसात चुना वाळत नाही. रंगारी येणार दसऱ्यानंतर, तोवर भात पिवळं पडलेलं असणार. शेजारणींनी दुसरा रंग घ्यायला सांगितलं. आत्याने मूठभर रोपं उपटली, पदराखाली धरली आणि मला घेऊन भोरला कासाराच्या दुकानात शिरली. तिथल्या बायकांचं बोलणं थांबलं. कासाराने चाचरत विचारलं, माप कुणाच्या हाताचं. ती म्हणाली, “मापाचं ऱ्हाऊ द्या, रंगाचं बघा.” ओली रोपं बांगड्यांशेजारी धरून तिने दुपार केली, आणि अखेर जुळलेली एकुलती एक बांगडी कासाराने साबण लावून माझ्या उजव्या हातात चढवली.

“सांभाळ गं,” आत्या म्हणाली. “फुटली तर फुडच्या आषाढापतुर थांबावं लागंल.”

तेव्हापासून तो हात माझा राहिला नाही. त्या हाताने पाणी शेंदायचं नाही, भांडी घासायची नाहीत, कपडे आपटायचे नाहीत. गणपतीच्या आरतीला मी डाव्या हाताने मांडीवर ताल धरत होते. शहरातली पोर आळशी, असं भिंतीपलीकडून ऐकू येई.

दसऱ्यानंतर रंगारी आला. पहिल्याच दिवशी आत्याने त्याच्यापुढे नमुना म्हणून कढीची वाटी ठेवली. तो ती प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, “अक्का, झ्याक झालीया.” दुसऱ्या वाटीत तिने मीठ घातलं नाही.

माजघर, पडवी झाली आणि हिरव्याची पाळी आली. रंगाऱ्याने चुन्यात पिवडीची पिवळी भुकटी आणि नीळ कालवून भिंतीवर पट्टा ओढला. ओला चुना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. पट्टा ओला असताना सगळे वाहवा करत, आत्या एवढंच म्हणे, “वाळल्यावर सांगीन.” वाळला की ती माझं मनगट धरून भिंतीला टेकवी, उजेडाकडे वळवून बघे आणि मान हलवी. असं दोन दिवस चाललं. भिंतीला गोवर आल्यासारखे पट्टे उमटले, माझं कोपर पांढरं झालं. रंगारी बादलीत काठी फिरवत स्वतःशीच पुटपुटू लागला होता. त्यातच दीर उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी भिंत पाहिली, मग माझा हात.

“वहिनी, बायका हिरवा हातात भरत्यात. भिंतीला न्हाई.”

रंगाऱ्याची काठी थांबली. मला हात मागे घ्यायचा होता, पण आत्याने मनगट सोडलं नाही.

“माझं हात मोकळं हायती, भावजी,” ती म्हणाली. “म्हणून भिंतीला.”

दीर उंबऱ्यावरूनच माघारी गेले. आत्या रंगाऱ्याकडे वळली. “पिवडी जरा वाढवा.” तो पट्टा वाळल्यावर तिने माझा हात टेकवला आणि बांगडी कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते, ते मलाही कळेना. “ह्योच,” आत्या म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला भांडी घासायची परवानगी मिळाली.

गेल्या वर्षी माझं लग्न विंझरला, वडिलांच्या गावच्या घरी झालं. चुडा भरायला कासार आला, बायका गोल करून बसल्या. आत्या रिवाजाप्रमाणे बाहेर ओटीवर पानं पुसत होती. कासाराने हिरव्या बांगड्यांच्या माळा पसरल्या आणि यातला कोणता हिरवा भरू, असं विचारलं. नेहमीचे दोन शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते.

“आत्याला बोलवा,” मी म्हणाले.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आईने मला नजरेनं दटावलं. मी हात मांडीखाली घेऊन बसले. शेवटी आत्या आली; उंबरा मात्र तिने ओलांडला नाही. तिथूनच माळांवरून नजर फिरवत ती बराच वेळ उभी राहिली. कासाराने चहा मागवला. “ती न्हाई,” ती म्हणाली. “तिच्याखालची.”

चुडा भरून झाल्यावर मी उठून उंबऱ्यापाशी गेले. तिने माझं मनगट धरलं, पूर्वी भिंतीला टेकवताना धरायची तसंच, आणि उजेडाकडे वळवलं.

“बरा हाय का?” मी विचारलं.

“वाळल्यावर सांगीन,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून पानं पुसायला गेली. काचेला वाळायचं काय असतं, हे मी विचारलं नाही. तिला थोडा वेळ हवा होता.