धुतलेला बर्फ

यज्ञेश्वरमास्तरांच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे भांडी शोधण्यापासून तयारी. पितळी पळी आणि लाकडी रवी एकाच उकळत्या पाण्यात उभी करायची आणि कुणाचा दांडा आधी चटका देतो ते पोरांना दाखवायचं, हा मास्तरांचा नाद. इकडे यशोदाबाईंचं वरण पळीवाचून चुलीवर खदखदायचं. सोलापुरातली निम्मी पोरं या ओसरीवर बोटं भाजून शहाणी झाली म्हणा ना!

मास्तरांना ध्यास एकच: शाळेत दर शनिवारी प्रयोगाचा तास मिळावा. शिवयोगी हेडमास्तर भारी कडक. "पुस्तकातलं पाठ येतंय की पोरांना, मग भांडी कशाला जाळायची?" असं म्हणून चार वर्षं त्यांनी अर्ज परत धाडले. शेवटी एकतीस सालच्या चैत्रात कंटाळून म्हणाले, "एक प्रयोग दाखवा. जमला तर तास तुमचा. फसला तर पुन्हा नाव काढायचं नाही."

मास्तरांनी स्टेशनवरून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले, भुशात घोळलेले. एक सुती पंच्यात, एक लोकरीत गुंडाळायचा. आता लोकर कुठली? तर यशोदाबाईंची सोवळ्याची धाबळी! स्वयंपाकाच्या वेळी नेसायची ती, तिला घरात कुणी बोटही लावत नसे. मास्तरांनी कुठला तुकडा कशात गुंडाळायचा तेवढं बायकोला सांगितलं आणि हेडमास्तरांना घ्यायला धावले. कशासाठी ते सांगायला वेळ कुणाला होता?

ओसरी पोरांनी भरली. "सांगा, कुठला आधी वितळेल?" मास्तरांनी विचारलं.

"धाबळीतला!" धनगराचा गुंडा ओरडला. "लोकर लई गरम अस्ती की, मास्तर!"

मास्तर मिशीत हसले. अर्ध्या तासानं गाठोडी सोडली. पंच्यातला बर्फ मुठीएवढा उरला होता. आणि धाबळीतला? सुपारीएवढा!

पोरांनी एकच गिल्ला केला. हेडमास्तरांनी छत्री उचलली. "बरंय मास्तर, येतो." मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. चार वर्षांची खटपट, आणि दगा दिला तो घरच्या धाबळीनं.

तेवढ्यात यशोदाबाई माजघरातून बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर कधी उभी न राहिलेली ती बाई पदर सावरत म्हणाली, "तो मी धुतला होता."

"काय धुतलं?"

"बर्फ. स्टेशनातला तो, शंभर हात लागलेले. तसाच सोवळ्यात कसा गुंडाळू? बंबातल्या ऊन पाण्यानं तीनदा धुतला."

हेडमास्तर मटकन खाली बसले आणि पोट धरून हसू लागले. त्यांना हसता येतं हे पोरांना त्या दिवशी कळलं. मास्तर मात्र उखडले. "अगं, प्रयोग होता तो!"

"मला काय ठाऊक? गावच्या पोरांना सगळं समजावता. मला आपलं हे दे अन् ते दे. भांडी माझी जळतात, ती कशापायी, हे अठरा वर्षांच्या संसारात एकदा तरी सांगितलंत का?"

मास्तरांना खरंच लाज वाटली. त्यांनी मान खाली घातली ती वर होईना.

"मास्तर, पुन्हा बर्फ आणवा," हेडमास्तर म्हणाले. "मला बघायचंच आहे."

या खेपेला यशोदाबाईंनी तुकडा न धुता गुंडाळला. धाबळी काय, उद्या धुऊन घेईन म्हणाल्या. गाठोडी सोडली तेव्हा पंच्यातला बर्फ निम्म्याहून कमी, धाबळीतला जवळजवळ आणला तसा. गुंडानं तोंडात बोट घातलं.

"शनिवारपासून तास तुमचा," हेडमास्तर म्हणाले.

"साहेब, पहिला तास इथंच घेतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी स्वतः पाट मांडला. चुलीवर भात आहे, असं यशोदाबाई दोनदा म्हणाल्या, पण बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मग थंडीत धाबळीची ऊब लागते, ती कुठून येते?"

"ती तुझ्याच अंगातली. धाबळी तिला बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या वेळी बाहेरची ऊब आत येऊ देत नाही."

"एवढंच?" यशोदाबाई म्हणाल्या. "अहो, मग हे सांगायला अठरा वर्षं कशाला लागली?"